अंगावरून वारं गेल्यानंतरची व्यायामक्षमता चाचणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आमच्या फिजिओथेरपी ओपीडीबाहेरच्या बाकावरचे आहेत. बहुतेक वेळा पेशंट ते विचारत नाही. त्याची मुलगी, सून किंवा बायको विचारते, तेही पेशंट दोन पावलं पुढे गेल्यावर, हळू आवाजात. म्हणून उत्तरंही घरच्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. तुमच्या पेशंटची व्यायामक्षमता चाचणी, म्हणजे त्याचं शरीर किती कष्ट झेपवतं हे पाहणारी तपासणी, करायची की नाही, हे मात्र त्याला तपासणारे डॉक्टरच सांगू शकतात.

बाबा काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. मग आता आणखी चाचणी कशाला?

ते कशामुळे थांबतात हे आपल्याला माहीत नाही, म्हणून. स्ट्रोकनंतर, म्हणजे अंगावरून वारं गेल्यावर, चालणारा माणूस तीन कारणांनी थांबतो. पाय साथ देत नाही, दम पुरत नाही, किंवा पडायची धास्ती वाटते. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. माणूस भिंतीला हात लावतो आणि म्हणतो, "आता बास." घरचे समजतात की पायात जोर नाही. मग पायाचेच व्यायाम महिनोन्‌महिने चालू राहतात आणि दम होता तिथेच राहतो.

वारं गेल्यावर माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळतो. तेवढ्यात हृदयाची, फुप्फुसांची, अगदी चांगल्या बाजूच्या स्नायूंचीही कष्टाची सवय मोडते. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते दर मिनिटाला, दर किलो वजनामागे किती मिलिलिटर असं मोजतात. रोजची कामं कुणाच्या मदतीशिवाय उरकायला साधारण १५ ते १८ इतकी क्षमता लागते असं धरतात. स्ट्रोक होऊन गेलेल्यांच्या वेगवेगळ्या अभ्यासांत हा आकडा ८ ते २२ च्या दरम्यान आला आहे. म्हणजे अनेकांची होती नव्हती ती सगळी ताकद रोजच्या कामांतच संपते. शिवाय कमजोर पाय गोल फिरवून पुढे टाकावा लागतो, प्रत्येक पावलाला कंबर उचलावी लागते, आणि तेवढंच अंतर चालायला धडधाकट माणसापेक्षा बरीच जास्त ऊर्जा लागते. अंघोळ करून आल्यावर बाबा अर्धा तास पलंगावर पडून राहतात ते आळसाने नव्हे.

चाचणी म्हणजे नेमकं काय करतात?

सगळ्यात जास्त केली जाते ती सहा मिनिटं चालण्याची चाचणी. त्यासाठी सरळ, सपाट, ३० मीटर लांबीचा पॅसेज लागतो. दोन्ही टोकांना एकेक नारिंगी कोन ठेवतात आणि फरशीवर अंतराच्या खुणा करतात. पेशंटला आधी किमान दहा मिनिटं खुर्चीत बसवून ठेवतो. रक्तदाब, नाडी आणि ऑक्सिजन मोजतो. रक्तदाबाचा पट्टा चांगल्या हाताला बांधतो आणि ऑक्सिजनचा चिमटाही चांगल्याच हाताच्या बोटाला लावतो, कारण आखडलेल्या, थंड पडलेल्या बोटावर तो नीट वाचत नाही.

मग सांगतो, "काका, सहा मिनिटांत जितकं जास्त चालता येईल तितकं चालायचं. पळायचं नाही. दम लागला तर थांबा, भिंतीला टेका, खुर्चीत बसा. घड्याळ चालूच राहील. बरं वाटलं की पुन्हा निघा." दर मिनिटाला ठरलेलं एकच वाक्य बोलायचं असतं, "छान चाललंय, अजून इतकी मिनिटं आहेत," आणि तेही सपाट आवाजात. घरच्यांना "चला चला, अजून थोडं" म्हणायची फार इच्छा होते, पण म्हणू नये. आज ओरडलात आणि दोन महिन्यांनी गप्प बसलात तर दोन्ही आकड्यांची तुलनाच करता येणार नाही.

आम्ही पेशंटच्या कमजोर बाजूला, अर्धं पाऊल मागे चालतो. बरोबरीने किंवा पुढे चाललो तर तो आमच्या पावलाशी पाऊल जुळवतो, आणि वेग आमचा मोजला जातो.

खरं सांगायचं तर मी अंतराइतकंच चपलेच्या आवाजाकडे लक्ष देते. एक आजी पहिली दोन मिनिटं टप, टप अशा नीट चालल्या. चौथ्या मिनिटाला उजव्या चपलेचा आवाज बदलला, पुढचा भाग फरशीवर सर्र सर्र घासायला लागला. ऑक्सिजन ठीक होता, नाडी ९६, आणि दम लागलाय का विचारलं तर म्हणाल्या, "छे, दम कसला!" म्हणजे त्यांना थांबवत होता तो घोट्यापासून वर न उचललं जाणारं पाऊल. त्यांना स्प्लिंट, म्हणजे पाऊल वर धरून ठेवणारा आधार, मिळाल्यावर पुढच्या खेपेला अंतर वाढलं. त्याच आठवड्यात आलेल्या दुसऱ्या एका काकांचं पाऊल शेवटपर्यंत स्वच्छ पडत होतं, पण तिसऱ्याच मिनिटाला त्यांना एक पूर्ण वाक्य बोलता येईना. दोघांचं अंतर जवळपास सारखं होतं, उपचार मात्र अगदी वेगळे द्यावे लागले.

सहाच मिनिटं का?

१९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी जवानांसाठी १२ मिनिटं धावण्याची चाचणी काढली. १९७६ मध्ये तीच चालण्याच्या रूपात जुनाट ब्राँकायटिस या श्वासविकाराच्या रुग्णांसाठी वापरली गेली. आजारी माणसाला बारा मिनिटं जड जातात, म्हणून १९८२ मध्ये दोन, सहा आणि बारा मिनिटांची तुलना झाली आणि सहा मिनिटं रूढ झाली. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या श्वसनविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २००२ मध्ये तिची पद्धत लिहून काढली. ३० मीटर, कोन, ठरलेली वाक्यं हे सगळं तिथलंच.

तोंडाला मास्क लावून करतात ती चाचणी वेगळी का?

हो. तिला कार्डिओपल्मनरी एक्सरसाइज टेस्ट म्हणतात. सायकलवर किंवा ट्रेडमिलवर भार हळूहळू वाढवत नेतात, ईसीजी सतत चालू असतो आणि मास्कमधून आत-बाहेर जाणारी हवा यंत्र मोजतं. वर सांगितलेला ऑक्सिजनचा आकडा थेट मिळतो तो याच चाचणीत. बाकी चाचण्यांतून त्याचा फक्त अंदाज येतो.

स्ट्रोकच्या पेशंटसाठी यात काही बारीकसारीक गोष्टी सांभाळाव्या लागतात. तोंड वाकडं झालेलं असेल तर ओठांत नळी घट्ट धरता येत नाही, कोपऱ्यातून हवा निसटते, म्हणून नाकातोंडावर बसणारा मास्क बरा. सायकल असेल तर कमजोर पाय पेडलवरून घसरतो, तो क्रेप बँडेजने बांधावा लागतो. ट्रेडमिल असेल तर अंगाला हार्नेस, म्हणजे पडू न देणारे पट्टे, हवेत. मागे टेकून बसून हातपाय दोन्ही हलवायचं स्टेपर यंत्र तोल जाणाऱ्यांना सगळ्यात सोयीचं, पण ते आपल्याकडे सगळीकडे नसतं.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. बऱ्याच स्ट्रोक पेशंटचे पाय हृदयाच्या आधीच थकतात. त्यामुळे चाचणीत आलेला सर्वोच्च आकडा म्हणजे हृदयाची खरी कमाल मर्यादा असेलच असं नाही. अहवाल वाचताना डॉक्टरांना "चाचणी कशामुळे थांबवली?" हे जरूर विचारा. माझ्या मते त्या ओळीचा उपयोग आकड्यापेक्षा जास्त असतो.

आईला स्ट्रोक होऊन चारच दिवस झालेत. आत्ताच करून घ्यावी का?

नाही. इतकी घाई नको. सुरुवातीचे दिवस रक्तदाब, गिळणं, बसता येणं हे सांभाळण्याचे असतात. अॅव्हर्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात २,१०४ रुग्ण होते. त्यातल्या एका गटाला पहिल्या २४ तासांत आणि जास्त प्रमाणात उठवायला-चालवायला सुरुवात केली होती. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी चांगलं सुधारलेल्यांचं प्रमाण त्या गटात उलट कमी निघालं. याचा अर्थ आईला पडूनच ठेवा असा कुणी घेऊ नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा उठवा-बसवा. चालण्याची चाचणी प्रकृती स्थिरावल्यावर आणि आधाराने का होईना पण चालायला लागल्यावर.

चाचणी करताना दुसरा झटका आला तर?

ही भीती प्रत्येक घरात असते आणि ती रास्त आहे. म्हणूनच चाचणीआधी गाळणी लावलेली असते. गेल्या महिन्याभरात हार्ट अटॅक आला असेल किंवा बसल्या जागी छातीत दुखत असेल तर चाचणी करत नाहीत. बसलेलं असताना वरचा रक्तदाब १८० च्या वर, खालचा १०० च्या वर किंवा नाडी १२० च्या वर असेल तर त्या दिवशी आम्ही पेशंटला परत पाठवतो आणि डॉक्टरांना कळवतो. लांबून एसटीने आलेल्या माणसाला परत पाठवणं जिवावर येतं, तरी पाठवतो.

चालताना छातीत दुखलं, श्वास सहन होईनासा झाला, पायात गोळे आले, तोल जायला लागला, दरदरून घाम फुटला किंवा चेहरा पांढराफटक पडला तर तिथल्या तिथे थांबवतो. मास्कच्या चाचणीत वरचा रक्तदाब २५० च्या पुढे किंवा खालचा ११५ च्या पुढे गेला तरी थांबवतात. सहा मिनिटांच्या चाचणीत पेशंट स्वतःच्या वेगाने चालतो, हवं तेव्हा थांबतो, त्यामुळे तिचा ताण बाजारातून चालत येण्यासारखाच असतो. आम्हाला जास्त काळजी असते ती पडण्याची, आणि तीही कोनाला वळसा घालताना. सरळ चालणारा माणूस वळताना पाय पायात अडकवतो. डाव्या बाजूचं भान गेलेले पेशंट तर डावीकडचा कोन दिसत असूनही त्यावर जाऊन आदळतात. वळणावर आमचा हात त्यांच्या कंबरपट्ट्याजवळच असतो.

बाबांची वाचा गेली आहे. त्यांना सूचना कशा कळणार?

करून दाखवायचं. आधी मी स्वतः एक फेरी मारून दाखवते, कोनाला वळसा घालून येते, मग त्यांना एक छोटी फेरी मारायला लावते. किती थकवा आला हे विचारायला एरवी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० आकड्यांची पट्टी वापरतात. त्यात ११ म्हणजे हलकं, १३ म्हणजे जरा कष्टाचं, १५ म्हणजे कष्टाचं. वाचा गेलेल्याला आकडे गोंधळात टाकतात, म्हणून आम्ही चेहऱ्यांची चित्रं दाखवतो. तेही जमलं नाही तर अंगठा वर, आडवा किंवा खाली. बोलता येत नाही म्हणजे समजतच नाही असं गृहीत धरून त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल बोलू नका. बऱ्याच जणांना सगळं समजत असतं.

येताना काय घालावं, खावं का, गोळ्या घ्याव्यात का?

भरपेट जेवून नको, उपाशीही नको. हलका नाश्ता करून यावं. डायबेटिस असेल तर हे अधिकच पाळा. गोळ्या नेहमीच्या वेळेला घ्याव्यात. चाचणी आहे म्हणून रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने चुकवू नये. चाचणीआधी दोन तास जोराचा व्यायाम नको. नेहमीची काठी, चार पायांची काठी, स्प्लिंट, चष्मा, जे रोज वापरता ते सगळं आणा आणि पुढच्या खेपेलाही तेच आणा.

चपलेबद्दल मात्र मी हट्टी आहे. मागे पट्टा नसलेली चप्पल कमजोर पायातून निसटते. पेशंटला ते जाणवतही नाही आणि तो बोटांनी ती धरून ठेवण्याच्या नादात पाऊल आणखी वाकडं टाकतो. मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला. नऊवारी किंवा पाचवारी नेसणाऱ्या आजींनी साडी घोट्याच्या वर खोचून यावं, काठ अंगठ्यात अडकतो. गाऊनलाही हेच लागू.

किती अंतर आलं म्हणजे चांगलं?

एक सूत्र आहे, ज्यात वय, उंची आणि वजन घालून अपेक्षित अंतर काढतात. ६० वर्षांच्या, १६५ सेंटिमीटर उंचीच्या, ६५ किलोच्या पुरुषाचं ते सुमारे ५२५ मीटर येतं. पण ते निरोगी अमेरिकी लोकांवरून काढलेलं आहे, म्हणून मी ते पेशंटला सांगायला जात नाही. ५२५ ऐकल्यावर १८० मीटर चाललेल्या माणसाचा चेहरा पडतो.

वेगाकडे पाहणं जास्त कामाचं. डॉ. जॅकलिन पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये स्ट्रोकच्या पेशंटचे गट पाडले होते. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेग असेल तर चालणं घरापुरतं, ०.४ ते ०.८ असेल तर बाहेर थोडंफार, आणि ०.८ च्या वर असेल तर बाहेर मोकळेपणाने. तोच वेग सहाही मिनिटं टिकला तर ०.४ चे १४४ मीटर होतात आणि ०.८ चे २८८. तो टिकतो का, हाच प्रश्न असतो. दहा मीटर झपाझप चालून दाखवणारे कितीतरी पेशंट तिसऱ्या मिनिटाला निम्म्यावर येतात.

पुढच्या खेपेला २० मीटरची वाढ दिसली तर ती लहान पण जाणवणारी, ५० मीटरची म्हणजे ठळक सुधारणा, असं ढोबळमानाने धरतात. पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीत फक्त सरावानेही अंतर थोडं वाढतं, म्हणून शक्य असेल तिथे सुरुवातीला दोनदा करून जास्तीचं अंतर धरावं.

इथे माझी एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मी एका ठिकाणी होते, तिथला पॅसेज जेमतेम १२ मीटरचा. एका काकांची पहिली चाचणी दुसरीकडे ३० मीटरवर झाली होती, दुसरी मी या १२ मीटरवर घेतली. अंतर कमी आलं. काका दीड महिना रोज न चुकता चालले होते. कागद हातात घेऊन ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे उपयोग नाहीच झाला." छोट्या पॅसेजमध्ये वळसे दुपटीहून जास्त होतात आणि प्रत्येक वळशाला स्ट्रोकचा पेशंट जवळजवळ थांबतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पुन्हा ३० मीटरवर चाचणी घेतली तेव्हा त्यांचं अंतर वाढलेलंच होतं. तेव्हापासून मी अहवालात पॅसेजची लांबी पहिल्या ओळीत लिहिते. तुमच्या अहवालात ती नसेल तर लिहून मागा.

चाचणीवरून व्यायामाची नाडी कशी ठरवतात?

उदाहरण घेऊ. वय ६० आहे आणि बसलेलं असताना नाडी ८०. २२० मधून वय वजा केलं की कमाल नाडीचा अंदाज १६०. त्यातून ८० वजा केले की हाताशी ८० ठोके उरतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१४ च्या शिफारशींत या उरलेल्या ठोक्यांच्या ४० ते ७० टक्के इतका जोर सांगितला आहे, आठवड्यातून ३ ते ५ दिवस, २० ते ६० मिनिटं. ८० चे ४० टक्के ३२, म्हणजे ११२ पासून; ७० टक्के ५६, म्हणजे १३६ पर्यंत. सुरुवात अर्थात खालच्या आकड्याजवळ आणि हव्या तेवढ्या विश्रांती घेत.

पण हा हिशेब घरी वहीत मांडून चालायला लागू नका. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी अनेकांना बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असते, ज्यांच्या नावाच्या शेवटी "लोल" येतं त्या. ती नाडीला वर चढूच देत नाही. अशा माणसाने १३६ गाठायचा प्रयत्न करणं धोक्याचं. हृदयाचे ठोके अनियमित असतील तरीही हे सूत्र लागू पडत नाही. अशा वेळी ईसीजीखाली प्रत्यक्ष चाचणी करून मिळालेला आकडा किंवा बोर्गच्या पट्टीवरचे ११ ते १४ धरायचे. ईसीजीची चाचणी झालेलीच नसेल तर जोर हलकाच ठेवायचा. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.

उभंच राहता येत नाही. मग?

बसून सायकल, हाताने फिरवायची सायकल किंवा स्टेपर, यांवर चाचणी होते. आधाराने थोडं चालणाऱ्यांना दोन मिनिटांची चालण्याची चाचणी पुरते.

आम्ही रोज तेलाने मालिश करतो. तेवढ्याने दम वाढेल का?

नाही. मालिशने बरं वाटतं, कातडी मऊ राहते, घरच्यांचा हात लागतो. त्याला माझा विरोध नाही, फक्त दुखऱ्या खांद्याला ओढू नका. पण दम वाढतो तो पेशंटने स्वतः हालचाल केल्यावर.

चाचणीत अंतर चांगलं आलं, तरी आई दिवसभर झोपून असते. नाटक करते का?

मुळीच नाही. स्ट्रोकनंतरचा थकवा ही वेगळी गोष्ट आहे. कष्ट न करताही तो येतो आणि झोपूनही जात नाही. दम मोजणारी चाचणी तो पकडू शकत नाही. त्यामागे उदास मन, अपुरी झोप, घोरणं, थायरॉइड, रक्त कमी असणं किंवा एखादी गोळी असू शकते. डॉक्टरांना हे वेगळं सांगा. चाचणी आणि व्यायाम तिला सगळ्यात टवटवीत वाटतं त्या वेळी ठेवा, बहुतेकांना सकाळ बरी.

घरी चाचणी करता येईल का? व्यायाम आम्हीच करून घेतला तर?

पहिली चाचणी घरी नको. ती झाल्यावर, डॉक्टरांची हरकत नसेल तर, सोसायटीच्या पॅसेजमध्ये किंवा अंगणात टेपने अंतर मोजून, खडूने खुणा करून, महिन्यातून एकदा दोन मिनिटांची चाल मोजता येते. सोबत एक माणूस कमजोर बाजूला हवाच, आणि वाटेत एक खुर्ची. गच्चीवर नको. तिथे पाण्याच्या पाइपांना अडखळून पडलेले पेशंट मी पाहिले आहेत.

घरच्यांनी व्यायाम करून घेण्याबद्दल भारतातच मोठा अभ्यास झाला आहे. १४ हॉस्पिटलं, १,२५० पेशंट. अटेंड हे त्याचं नाव, २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घरच्यांना शिकवून व्यायाम करून घेतले, पण सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व यांत फरक दिसला नाही. यावरून मी एवढंच म्हणेन की घरच्यांची मदत लागतेच, पण तेवढ्यावर भागवू नका. मोजून, ठरवून, वेळोवेळी बदलून दिलेला व्यायाम तज्ज्ञाकडून घ्या.

पुन्हा कधी करायची? आणि कुठे?

मी साधारण ६ ते ८ आठवड्यांनी करते. औषध बदललं किंवा मध्येच पडणं, ताप, हॉस्पिटल असं काही झालं तर आधी. शक्यतो तीच जागा, तीच वेळ, तीच काठी. चालण्याची चाचणी फिजिओथेरपी विभाग असलेल्या बहुतेक हॉस्पिटलांत होऊ शकते, तिला लागतो तो फक्त पॅसेज आणि घड्याळ. मास्कची चाचणी मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणीच होते. पुनर्वसनासाठी मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. अनेकांना तिची माहितीच नसते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

व्यायाम करताना काय दिसलं तर थांबून हॉस्पिटल गाठायचं?

तोंड अचानक वाकडं झालं, हात-पाय नव्याने लुळा पडला किंवा आधीचाच जास्त लुळा पडला, बोलणं अडखळलं, नजर अंधुक झाली, कधी नव्हे इतकं डोकं दुखायला लागलं, तर वेळ पाहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत पोचलं तर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देता येतं का, हे डॉक्टर पाहू शकतात. पाणी, साखर, गोळी, काहीही तोंडात घालू नका, गिळता न आल्याने ते श्वासनलिकेत जातं. आणि निघताना चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर.